सुनेच्या यादीतले मासे

दर सोमवारी सकाळी कणीक मळता मळता माझी सून मोबाइलवर एक आकडा बघायची. दोन्ही हात पिठात, करंगळी तेवढी कोरडी ठेवलेली, तिनं स्क्रीन सरकवायची. आकडा होता नऊ. दिवाळीला नऊ, होळीला नऊ, लोणचं घालायच्या दिवसांतही नऊच. मी भाजी चिरत विचारायची, "हलला का वं?" ती म्हणायची, "नाई आई, बसूनच आहे." आणि पोळ्या लाटायला घ्यायची.

सून भिलाईहून दुर्गकडे जाताना लागणाऱ्या एका खाजगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिकवणं झालं की संशोधन करते. तिचं संशोधन स्लॅगवर. आमच्या गावात स्लॅग कोणाला सांगावा लागत नाही, पण वाचणारा बाहेरचा असेल तर सांगते. भट्टीत लोखंड वितळलं की वर जी मळी तरंगते, ती काढून टाकतात, तिचे दगड होतात, दगडांचे ढीग होतात. तो दगड कुटून त्याच्या भुकटीतून घाण पाणी सोडलं, तर पाण्यातलं शिसं वगैरे त्या भुकटीत अडकतं का, हे ती बघते. अडकतं म्हणे. मला हे काम फार आवडतं. ज्या मळीच्या धुळीनं माझे वाळत घातलेले कपडे आयुष्यभर करडे झाले, तिचा काही उपयोग आहे हे ऐकून बरं वाटतं.

पण कॉलेजात वरची जागा निघाली तेव्हा मळीबद्दल कोणी विचारलं नाही. आकडा विचारला. बारा पाहिजे, म्हणाले. सून नऊवर.

मी तिला एकदा नीट समजावून सांगायला लावलं. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, भंडाऱ्याजवळच्या खेड्यात. लग्न होऊन भिलाईला, स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आले. आमचे हे प्लांटच्या टाइम ऑफिसमध्ये क्लार्क होते. जुनी सर्क्युलरं घरी आणायचे, मागची बाजू कोरी असायची, पोरांना गणितं करायला. पोरं कोऱ्या बाजूला गणितं करायची आणि मी छापील बाजू वाचायची. तेवढ्यावर माझं इंग्रजी झालं. म्हणून "बोनस" आणि "सस्पेंड" हे शब्द मला "अ‍ॅपल"च्या आधी आले. असो. तर मी म्हटलं, समजावून सांग.

"आई, असं पाहा. मी एक लेख लिहिला. तो वाचून दुसऱ्या कोण्या शास्त्रज्ञानं आपला लेख लिहिला, अन् शेवटी यादी देते ना, मी काय काय वाचलं त्याची, तिच्यात माझ्या लेखाचं नाव टाकलं. की मले एक मिळालं."

"बरं. अन् हे नऊ म्हणजे?"

"म्हणजे माझे नऊ लेख असे आहेत, की प्रत्येकाचं नाव कमीत कमी नऊ ठिकाणी आलं. बारा व्हायले बारा लेख पाहिजेत, अन् प्रत्येकाचं नाव बारा ठिकाणी."

"अन् कोणी शिव्या द्यायले नाव टाकलं असंन तं?"

"शिव्या कायले देईन?"

"म्हणजे असं, की या बाईनं लिहिलं ते सपशेल चूक आहे, कोणी ऐकू नका. असं सांगायले नाव टाकलं तं?"

ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "तरी एकच मिळते, आई."

त्या दिवसापासून माझा त्या आकड्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. स्तुतीला एक आणि शिवीलाही एक, असा कसला हिशेब? आमच्या मंडळात हळदीकुंकवाला कोणाच्या घरचे दडपे पोहे चांगले हे बायका सांगतात, तेव्हा कोणाच्या घरचे खारट हेही सांगतात, आणि दोन्ही वेगवेगळं लक्षात ठेवतात. एवढे शिकलेले लोक, त्यांना हे जमू नये?

पण माझ्या विश्वासाला कोण विचारतं. जागा एक, मुलाखत दीड महिन्यावर, अट बाराची. ही जागा मिळाली तर सुनेला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती, दोन विद्यार्थी हाताखाली मिळणार होते. नाही मिळाली तर पोरांच्या प्रॅक्टिकलच्या मधल्या वेळात, उसन्या टेबलावर काम. गेली कित्येक वर्षं तेच चाललं होतं. ती बोलायची नाही, पण मला दिसायचं.

एका शनिवारी दुपारी तिच्याच कॉलेजातले एक वरचे सर घरी आले. काजूकतलीचा डबा घेऊन. आमच्या ओळखीचे होते, पण असे डबा घेऊन कधी आलेले नव्हते, म्हणून मी पाणी देतानाच सावध झाले. मी चिवडा पुढे ठेवला आणि तिथंच बसले. स्वयंपाकघरात गेले असते तर अर्धंच ऐकू आलं असतं.

"मॅडम, नौ पे कब तक बैठी रहेंगी?" सर म्हणाले. "हमारा एक ग्रुप है. चालीस लोग हैं, अलग अलग शहरों के. आप अपने पेपर में हमारा नाम डालिए, हम अपने में आपका. छह महीने में देखिए कहाँ पहुँचती हैं."

सून म्हणाली, "सर, पर उनका काम तो मेरे विषय का नहीं है."

"अरे विषय कौन देखता है! मशीन गिनती है. और इसमें गलत क्या है, एक दूसरे को पढ़ ही तो रहे हैं."

मला राहवलं नाही. "सच में पढ़ते हो क्या, सर?"

त्यांनी चिवड्यातला दाणा वेचून तोंडात टाकला. "माताजी, इतना टाइम किसके पास है!" आणि मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मला नीट राग धरता आला असता.

सून म्हणाली, "सोचती हूँ सर." हे उत्तर मला खटकलं. नाही म्हणायला एवढा वेळ लागत नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी मी विचारलं, "हलला का वं?"

ती कणकेकडे बघत म्हणाली, "हौ. थोडासा."

"किती?"

"चौदा."

माझ्या हातातली वांगी तशीच राहिली. वर्षभर एका जागी बसलेला आकडा पंधरा दिवसांत पाचानं वाढतो आणि माणूस "थोडासा" म्हणतो! आनंद झाला असता तर ती ओरडली असती. ही बाई कोपऱ्यावरच्या दुकानात ताजा पालक मिळाला तरी दारातून सांगत येते. आणि चौदा झाले, अट पार झाली, तर तोंडातून शब्द नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं अर्ज भरून दिला, चौदा लिहून. हेही मला मुलाकडून कळलं, तिच्याकडून नाही.

मग जे सुरू झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. तिचा फोन वाजला की कान टवकारायचे. सरांचा फोन असेल तर मी टेबल पुसायच्या निमित्तानं जवळ जायची. काजूकतलीचा डबा रिकामा झाला होता, तो मी घासून त्यात जिरे भरणार होते, पण हात होईना. घरात चोरीचा माल आल्यासारखा तो डबा ओट्यावर पडून राहिला.

शेवटी ह्यांना विचारलं. हे अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"अहो, एखाद्याचा आकडा एकदम पाचानं वाढते का?"

हे पेपर खाली न करता म्हणाले, "माणूस असा एकदम वाढत नाई. टोकन वाढते."

टोकनची गोष्ट मला माहीत होती, तरी पुन्हा सांगितली. त्यांच्या वेळी प्रत्येक कामगाराचं पितळी टोकन असायचं, त्यावर त्याचा नंबर. आत जाताना ते खिडकीत द्यायचं, की हजेरी लागली. मग काय, एक जण यायचा आणि चार दोस्तांचीही टोकनं टाकून जायचा. दोस्त घरी झोपलेले, हजेरी पुरी.

"तुमाले कसं समजे?"

"हाताले समजे. थंडीच्या दिवसांत खिशातलं एकटं टोकन गार राह्यते. पाच टोकनं एका मुठीत धरून आणली की पाचही कोमट. पण कोमट म्हणून लिहिता येत नसे ना. मग मी रजिस्टर पाहो. तेच पाच नंबर रोज एकामागं एक. मग पकडो." आता त्यांनी पेपर खाली केला. "तू सुनेची यादी पाह्य. कोणं कोणं नाव टाकलं ते. तीच तीच माणसं येऊन राहिली असतीन, तं समज."

"अन् तशी असली तं?"

"तं मंग मले सांगू नको," हे म्हणाले आणि पेपर वर घेतला. ह्यांचा सुनेवर जीव आहे.

रविवारी दुपारी मुलगा ड्युटीवर होता. जेवणं झाली, मी हात पुसले आणि सुनेला म्हटलं, "मले तुझी यादी दाखव."

"कोणती यादी?"

"त्या चौदाची."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, तुमी मले चोर समजून राहिल्या का?"

"मी काही समजून नाई राहिली. मले पाह्यचं आहे."

"त्या ग्रुपात गेली असं वाटते ना तुमाले? नाई गेली मी. त्याच दिवशी सरायले नाई म्हटलं. विचारा त्यायले फोन करून. लावू का?"

तिचा आवाज चढला होता. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज मी ओळखते, तो असा चढत नाही, तो गोड होतो. मला एकदम हायसं वाटलं आणि त्याच वेळी जास्तच शंका आली. ग्रुप नाही, तर पाच आले कुठून?

"लावू नको. यादी दाखव."

तिनं लॅपटॉप उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी चष्मा लावला आणि एक एक ओळ बोट ठेवून वाचायला लागले. आधी तिच्या लेखांचीच नावं होती. स्लॅग, स्लॅग, पाणी, शिसं, स्लॅग. हे ओळखीचे शब्द. मग एक ओळ आली, तिच्यात फिश होतं. म्हटलं असेल, पाण्यातल्या घाणीनं मासे मरत असतील. पुढच्या ओळीत झिंगे. तिच्या पुढच्या ओळीत माशांचं खाद्य. मग पुन्हा मासे, तळ्यातले. एकूण सात लेख मासोळ्यांचे.

"पोरी," मी म्हटलं, "तू मासोळ्यायवर कधी लिहिलं वं? तुले तं बाजारात त्या गल्लीतून जाता येत नाई, तू नाकाले पदर लावते."

ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "ते माझे नाईत."

"मग कोणाचे?"

"एक बाई आहे समुद्राकडे. तिचं आडनाव आपलंच. नावाचं पहिलं अक्षरही तेच. मशीननं तिले अन् मले एक केलं."

"अन् तुले हे कधी समजलं?"

"ज्या दिवशी चौदा झाले त्या दिवशी."

म्हणजे अर्ज भरायच्या आधी. मी लॅपटॉप हलकेच बंद केला. मला खरं म्हणजे बोलायला पुष्कळ होतं, पण तिनंच सुरुवात केली, आणि ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर मला सोपं गेलं असतं.

"त्या बाईचे माझ्याकडे आले तं तुमाले दिसले, आई. माझे चार गेले ते कोणाले दिसले?"

"तुझे कोणते चार?"

"लग्नाच्या आधीचे. नागपूरच्या लॅबमधले. माझं सगळ्यात चांगलं काम ते. आजही लोक त्याचंच नाव टाकतात. पण ते ज्या पोरीच्या नावावर आहेत ना, ती पोरगी आता नाई."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं.

आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. पुष्कळ घरांत बदलतात, तुम्हाला माहीतच असेल. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. आडनाव तर बदलतंच. पण हिचं पहिलं नावही मी बदललं, कारण माझ्या थोरल्या जावेचं नाव तेच होतं. एका घरात एका नावाच्या दोन बायका नकोत, हाक मारायची पंचाईत होते, असं मी म्हटलं होतं. नवं नाव मीच निवडलं. तिनं मान हलवली. तिच्या आईनं डोळे पुसले, ते मला वाटलं पाठवणीचे. पुढे लग्नाच्या नोंदणीत नवंच नाव, बँकेत नवंच, सगळीकडे नवंच. कॉलेजात लागताना डिग्रीवर जुनं नाव होतं, ते एका साध्या अर्जावर भागलं. आणि थोरली जाऊ? ती हिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मुलाकडे पुण्याला गेली ती गेलीच. हाक मारायची पंचाईत एकूण दोन वर्षं टळली.

"तू कधी बोलली काऊन नाई?" मी विचारलं.

"कायले बोलू? कोणाचंच नाव राह्यत नाई. माझ्या आईचंही नाई राह्यलं, तुमचं राह्यलं का?"

नाही राहिलं. माझं लग्नाआधीचं नाव घरात आता फक्त मलाच माहीत आहे. पण माझ्या नावावर कुठं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून हरवलं तरी काही कमी पडलं नाही, असं मी आजवर धरून चालले होते.

मग मी जे म्हटलं ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पंधरा दिवस त्या पोरीमागे संशय घेऊन फिरणारी बाई मी. मी म्हटलं, "राहू दे मग ते मासे."

"आई!"

"राहू दे म्हणते. तुझे चार गेले, तिचे सात आले. तू कुठं चोरले? मशीनच देऊन राहिली."

मी हे तिच्यासाठी म्हणत होते की माझ्या ताटातल्या तांदळासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. तिनं मात्र नकारार्थी मान हलवली.

"मीही आठ दिवस असंच म्हटलं स्वतःले. पण ती बाई तिकडे फॉर्म भरत असंन, अन् तिचा आकडा बसूनच असंन. तिच्या घरीही कोणी विचारत असंन, हलला का म्हणून."

आणि तिनं तिथंच, माझ्यासमोर, ती यादी ठेवणाऱ्या वेबसाइटवाल्यांना लिहून टाकलं की हे सात लेख माझे नाहीत. त्या बाईलाही एक मेल पाठवला, की तुमचे लेख चुकून माझ्याकडे आले होते, परत केले आहेत. तिचं उत्तर आलं नाही. मला वाटतं तिनंही आपल्याला चोरच समजलं असेल.

तीन दिवसांनी आकडा पुन्हा नऊ. अर्जात चौदा. मुलाखतीला वीस दिवस.

आता जुने चार लेख जोडायचे तर यादीवाल्यांना पुरावा हवा, की ही आणि ती एकच बाई. तसा एकही कागद घरात नव्हता. लग्नाची पत्रिका सापडली, तिच्यावर जुनं नाव. नोंदणीचा दाखला सापडला, त्यावर नवं. मधला तांदूळ कोणी जपून ठेवत नाही. शेवटी ठरलं, दुर्गच्या कोर्टात जाऊन शपथेवर लिहून द्यायचं. आणि लिहून कोण देणार? तिचे वडील गेले, आई अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, मी देते. मीच बदललं, मीच देते.

कोर्टाच्या आवारात टायपिस्ट ओळीनं बसलेले असतात. आम्ही एकाजवळ बसलो. पन्नाशीचा माणूस, कपाळावर चष्मा.

"क्या लिखना है, माँजी?"

"लिखो, इसका पहले ये नाम था, शादी में ये नाम रखा. दोनों एक ही है."

तो भराभर टाइप करत होता. मग थांबला. "नाम क्यों बदला?"

मी म्हटलं, "हमारे यहाँ बदलते हैं."

"वो तो ठीक है. कारण?"

"घर में उसी नाम की एक और थी."

त्यानं चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "तो दोनों का बदल देते, बराबरी हो जाती," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. सूनही हसली. मला नाही हसता आलं.

कागद निघाला. तो वाचून दाखवायला लागला आणि एका ओळीवर माझे कान उभे राहिले. "अपनी स्वेच्छा से नाम परिवर्तन किया."

मी म्हटलं, "ये नहीं. ये मत लिखो. इच्छा मेरी थी."

"माँजी, यही लिखा जाता है. सबमें यही रहता है."

"पर झूठ है."

"झूठ नहीं है, फॉर्मेट है. आपकी इच्छा लिखूँगा तो मामला दूसरा बन जाएगा, फिर ये कागज़ किसी काम का नहीं." आणि सुनेला म्हणाला, "बेटी, समझाओ."

सुनेनं मला काही समजावलं नाही. ती रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत होती. मी पेन घेतलं आणि सही केली, माझ्या नव्या नावाची, जे आता पन्नास वर्षं जुनं आहे.

कागद गेला. मुलाखतीच्या दोन दिवस आधी चार लेख येऊन मिळाले. आकडा झाला बारा. बरोब्बर बारा. इतका बरोब्बर, की मलाच शंका आली आणि मी पुन्हा चष्मा लावून एक एक ओळ तपासली. मासा कुठंच नव्हता.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण मुलाखतीहून सून आली ती चप्पल न काढता दारातच बसली.

"काय झालं वं?"

"ते विचारून राहिले, अर्जात चौदा, मंग नऊ, आता बारा. हे काय आहे म्हणे? तीन जण होते. एकानंही लेखाबद्दल विचारलं नाई. अर्धा तास आकडा काऊन पडला तेच. एक म्हणे, मॅडम, आकडा चढतो हे आम्ही पाहिलं, पडलेला कोणाचा पाहिला नाही. काहीतरी गडबड असेल."

"अन् ते सर? ग्रुपवाले?"

"ते होते ना मुलाखतीले आलेले, दुसऱ्या, त्याहून वरच्या जागेसाठी. त्यायचा आकडा चढूनच राहिला. त्यायले कोणी काई नाई विचारलं."

ह्यांनी आतून विचारलं, "चहा ठेवू का?" आमच्या घरी हे चहा ठेवतात तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. सुनेनं मुलाखतीत शपथेचा कागद दिला होता, त्यावर माझा नंबर होता. एक तरुण बाई बोलत होती, आवाज मऊ.

"आप मॅडम की सास बोल रही हैं? वेरिफिकेशन के लिए फोन किया है. नाम आपके घर में बदला गया?"

"हाँ. शादी में."

"पहले वाले पेपर इन्हीं के हैं, आपको कैसे पता?"

"बेटा, शादी की बात पक्की हुई तब इसके पिताजी फोटो के साथ वो पेपर भी लाए थे दिखाने को. मैंने कहा था, फोटो काफी है."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग कागद वाचल्यासारखं विचारलं, "और नाम इन्होंने अपनी मर्ज़ी से बदला था?"

सून समोरच होती, डब्यात पोळ्या भरत. हात थांबले. मला खरं बोलायचं होतं, देवाशपथ. पण खरं बोलले तर कागद खोटा, कागद खोटा तर चार लेख परके, आणि चार लेख परके तर पुन्हा नऊ.

"हाँ," मी म्हटलं. "अपनी मर्ज़ी से."

सुनेनं डब्याचं झाकण लावलं आणि कॉलेजला गेली.

पत्र यायला पाऊण महिना लागला. इंग्रजीत होतं, मीच अंगणात उभी राहून वाचलं. जागा तिला मिळाली. पत्रात तिची दोन्ही नावं होती आणि दोन्हीच्या मध्ये "एलियस" लिहिलं होतं. हे म्हणाले, "एलियस म्हणजे उर्फ. ठाण्याच्या भिंतीवर फरार लोकायच्या फोटोखाली राह्यते ते."

सून इतकी हसली की तिला ठसका लागला. "आई, पाहा, तुमच्या घरात येऊन मी फरार आरोपी झाली!"

मीही हसले. पेढे आणले, शेजारी दिले. बायका विचारत होत्या काय झालं, तर मी म्हणायची, सून प्रोफेसर झाली. आकडा कोणाला सांगितला नाही. संध्याकाळी ती अंगणात लॅपटॉप घेऊन बसली होती, नवा लेख पाठवायचा होता. मी शेजारी मेथी निवडत बसले. पडद्यावर वरती स्लॅग होतं आणि त्याच्या खाली नाव लिहायची जागा कोरी होती.

मी म्हटलं, "एक सांगू? याच्यावर तुझं जुनं नाव टाक. आईबापानं ठेवलेलं."

तिनं चमकून पाहिलं. "आज काऊन आठवलं?"

"त्या कागदात सगळं खरं आहे. खोटं एकच आहे, अन् त्याच्यावर सही माझी आहे. फोनवरही मीच बोलली. ते मले टोचते."

मला वाटलं टाकेल. तिनं पहिलं अक्षर टाइपही केलं, जुन्या नावाचं. मी बघितलं. मग खोडलं.

"आता नाई टाकता येत, आई," ती म्हणाली. "जुनं टाकलं तं मशीन पुन्हा मले दोन करंन. आकडा फुटंन."

आणि तिनं मी ठेवलेलं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि लेख पाठवून दिला.